बिनफोडणीची कोशिंबीर: हसनाबाद ते वाटूर

वाटूरला जायचं मी वर्षभर टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. लढाईवरून परत आलो त्याच आठवड्यात जायला हवं होतं. माझा फौजेतला दोस्त सखाराम माझ्या शेजारच्या खाटेवर तापानं गेला होता आणि त्याच्या आईला तोंड दाखवायचा मला धीर होत नव्हता. आधी पेरणी आहे म्हणालो, मग खुरपणी आहे म्हणालो, मग बैल आजारी आहे म्हणालो. बैल चांगला ठणठणीत होता.

दिवाळी झाली आणि वाटूरहून कार्ड आलं. अक्षर शाळामास्तरांचं, बोलणं गिरजामावशीचं. गिरजामावशी म्हणजे सखारामची आई. लिहिलं होतं: ‘सखारामनं कागदात लिहिलेली मटणाची कोशिंबीर तू येऊन करून दाखव. घरी आल्यावर तो करणार होता. लागंल ते सामान घेऊन ये.’ बास, एवढंच. खुशाली नाही, रागही नाही.

कार्ड माझ्या बायकोनं, शेवंतानं, माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “आता कोणता बैल आजारी पडणार हाय?”

मग निघालो.

कोशिंबिरीचं आधी सांगतो. मी आणि सखाराम दोघं फौजेत रसदीच्या लॉरीवर होतो. लढाईच्या शेवटी आमची पलटण ग्रीस देशात होती. आमचे उर्दूचे मास्तर त्याला युनान म्हणायचे. तिथल्या डोंगराखालच्या एका खेड्यात एका म्हातारीच्या अंगणात आमची लॉरी उभी असायची. गावात खायला दाणा नव्हता. आम्ही आमच्या वाट्याचा आटा तिला देऊ लागलो. एका दुपारी तिनं उरलेल्या दोन कोकरांतलं एक कापलं आणि आम्हाला जेवायला बसवलं. परातीत काकडीच्या जाड फोडी, टमाटे, कांदा, वर मेंढीच्या दुधाचं खारवलेलं पनीर कुस्करलेलं, काळी कडू फळं, लिंबू, तेल आणि सगळ्यावर निखाऱ्यावर भाजलेलं मटण. भाजी नाही, रस्सा नाही, तेच जेवण. सखारामनं दुसऱ्याच दिवशी आईला कागद लिहिला की इथं शेतकरी लोक मटणाची कोशिंबीर खातात, आल्यावर तुला करून घालतो.

ही कोशिंबीर कुणाला करायची हौस असेल तर पहिली अडचण पनिराची. आमच्या शिवारात धनगरांचा वाडा उतरला होता. त्यांच्याकडून मेंढीचं दूध आणलं, लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधलं आणि रात्रभर जात्याच्या तळीखाली दाबून ठेवलं. सकाळी त्याच्या वड्या पाडून मिठाच्या पाण्यात, चिनी मातीच्या बरणीत भरल्या. “माझी लोणच्याची बरणी हाय, फुटली तर तिथंच राहा,” असं शेवंतानं बजावलं. करडईचं घाण्याचं तेल एका बाटलीत घेतलं, ओव्याची पानं वाळवून पुडीत बांधली, बांधावरची चार वाळकं, म्हणजे आपल्या गावठी काकड्या, पिशवीत टाकली. म्हातारी वापरायची तो पाला ओव्याचा नव्हता, पण वास चुलतभावाइतका तरी मिळता होता.

हसनाबादहून जालन्यापर्यंत बैलगाडी किंवा लॉरी. लॉरी मिळाली तर पुढे बसू नका, ड्रायव्हर सारखा बोलतो. मागे कापसाच्या बोऱ्यांवर बसायला मिळालं तर राजासारखं जाता येतं, अंगाला रुई चिकटते तेवढीच. हे कापसाचे दिवस. राजूरला गाडी थांबली की गणपतीला खालूनच हात जोडावेत आणि चहा प्यावा, टेकडी चढायला गेलात तर लॉरी थांबत नाही. बरणी मी मांडीवर धरली होती. दर खड्ड्याला ती डुचमळायची आणि मला शेवंता दिसायची.

दुपारी जालन्याला उतरलो. त्या शहरात कापसाचा धुरळा आणि तेलाचा वास यांच्यामधून वाट काढावी लागते, पण बाजारात मिळत नाही असं काही नाही. टमाटे मिळाले. विकणारी माळीण त्यांना विलायती वांगी म्हणत होती आणि मी दोन शेर मागितल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं.

“साहेबाकडं खानसामा हाय का तुम्ही?”

“न्हाई बाई, स्वतःसाठीच.”

“कच्चे नका खाऊ बरं. पोट धरून बसताल.”

प्रश्न होता त्या काळ्या कडू फळांचा. ती आपल्याकडे होत नाहीत. करवंदांचे दिवस नव्हते, हिरवी बोरं चावून पाहिली तर तोंड आवळलं. शेवटी एका मारवाडी दुकानात मिठात घातलेले केर दिसले. मारवाडातली ती हिरवी, वाटाण्याएवढी, कडवट फळं. एक तोंडात टाकलं आणि दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराला वाटलं खारट लागलं, त्यानं पाणी दिलं. ती फळं कशी लागायची ते जिभेला बराबर आठवत होतं, आणि सखाराम ती खायचाच नाही हेही आठवत होतं. एकेक वेचून माझ्या ताटात टाकायचा. पावशेर केर घेतले.

रात्रीचा मुक्काम स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत. खोली स्वच्छ, ढेकणांची खात्री मी देणार नाही. सकाळच्या गाडीनं परतूर. तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाला हाली, म्हणजे निजामाच्या, आठ आण्यांच्या आत भागतं. मनमाडकडून येणाऱ्यांनी इंग्रजी कलदार रुपया आधीच हालीत मोडून घ्यावा, खिडकीपाशी घासाघीस करत बसलात तर गाडी निघून जाते.

डब्यात माझ्या बरणीनं बरीच करमणूक केली. रांजणीला चढलेल्या एका फेटेवाल्या बाबांनी नाक वर करून विचारलं, “काय हाय रे त्यात? औषध हाय का?”

“मेंढीच्या दुधाचं पनीर हाय, बाबा.”

“कशासंगं खातेत?”

“मटणासंगं.”

बाबा सरकून बसले. “दूध न् मटण एका ताटात? कोड फुटंल की अंगावर! कुणाला घालून राह्यला हे?”

“दोस्ताच्या आईला.”

“तिनं काय वाईट केलं तुझं?” बाबांनी विचारलं आणि सगळा डबा हसला. मीही हसलो, पण तो प्रश्न परतूरपर्यंत पोटात घेऊन बसलो.

परतूर स्टेशनावर माणिकदादा बैलगाडी घेऊन आला होता. माणिकदादा म्हणजे सखारामचा थोरला भाऊ, बुटका, रुंद आणि कमी बोलणारा. वाटूरपर्यंत तीन-चार तास लागतात. रस्ता दोन्ही बाजूंनी ज्वारीतून जातो, छातीएवढी उभी, आणि मधेमधे पांढऱ्या कापसाची वावरं. ह्या रस्त्यानं जावं तर कार्तिकातच. अर्धी वाट संपली तेव्हा कुठं दादानं तोंड उघडलं.

“तुला एक सांगून ठेवतो. आईनं सखा भरतीला गेला त्या दिशी वशाट सोडलं. म्हणली, सखा घरी येऊन जेवायला बसंल तवाच मटण तोंडाला लावीन.”

“आणि तार आल्यावर?”

“तार आली त्या दिशी मी सुतक धरायला निघाल्तो. आईनं चूल पेटवली न् मोहरीची फोडणी दिली. बिलकुल जोरात. सगळ्या गल्लीत वास गेल्ता.”

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की दहा दिवस फोडणी देत नाहीत. वरण असो की भाजी, सगळं नुसतं शिजवलेलं. फोडणीचा वास आला म्हणजे त्या घरात कुणी गेलेलं नाही, एवढं साधं गणित आहे. मावशीनं दहाही दिवस दोन्ही वेळेला फोडणी दिली होती. माणिकदादाचं मुंडण राहिलं ते राहिलंच. भावकी नाराज झाली, दोन घरांनी येणंजाणं सोडलं.

“तवापासून घरात कोणतंच ताट बिनफोडणीचं व्हत न्हाई,” दादा म्हणाला. “आता तिनंच कार्ड लिहून तुला बोलवलं. ती मटण खाती का, तेच बघायचं हाय मला. खाल्लं तर सखा गेल्याचं तिला कळलं म्हणायचं. न्हाई खाल्लं तर मंग ती मरेपर्यंत वाटंकडं बघत बसंल, दगडू.”

दगडू माझं नाव. फौजेत ते कुणाला म्हणता यायचं नाही, पण सखाराम मात्र लांबून जोरात हाक मारायचा.

संध्याकाळी वाटूरला पोचलो. फाट्यावर गाड्यांची गर्दी, चारी बाजूंचे रस्ते तिथं मिळतात. मावशी दारातच उभी होती. मी पाया पडलो, तिनं माझ्या हनुवटीला हात लावून तो स्वतःच्या तोंडाला लावला आणि पहिलंच विचारलं, “लई वाळलास रे. सखा पण असाच वाळलाय का?”

माणिकदादाची बायको, कौसावहिनी, पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आली म्हणून निभावलं. जेवणात वरण होतं. त्यावर लसणाची आणि मोहरीची अशी सणसणीत फोडणी होती की ठसका लागला.

दुसरा दिवस बाजाराचा होता. सकाळी मी वाळकं, टमाटे, कांदा कापून परातीत ठेवलं आणि वहिनीला सांगितलं, “ह्यात काही घालू नका. मी येऊन मीठ, लिंबू, तेल घालतो.” मग दादाबरोबर मटण आणायला गेलो. आपल्याला मेंढरू हवं होतं, बोकड नव्हे, आणि मांडीचंच. मुलाण्यानं शेरभर काढून दिलं. सळया कुणाकडे नव्हत्या. माझ्याच जुन्या छत्रीच्या काड्या मोडून घेतल्या आणि राखेनं घासून लख्ख केल्या. छत्री फौजेची होती, तिचं सार्थक झालं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मोहरीचा आणि हिंगाचा वास आला. अंगणात गेलो तर परातीतली काकडी, टमाटे, कांदा, सगळ्यावर वहिनीनं फोडणी ओतलेली. वर शेंगदाण्याचं कूट. आपली रोजची कोशिंबीर.

माझं डोकं फिरलं. “काही घालू नका म्हणून सांगून गेल्तो ना वहिनी! जालन्याहून मांडीवर धरून आणले ते टमाटे!”

वहिनीनं मला बोटानं खूण करून गोठ्याच्या आडोशाला नेलं. तिचे डोळे भरले होते.

“भाऊजी, तुम्ही घरचेच म्हणा, पण सासूला ताट मी वाढणार. तिच्या लेकाच्या नावानं, बिनफोडणीचं ताट, तिच्या पुढं? माझ्या हातानं?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या दिवशी गाडीत दादानं सगळं सांगितलं होतं, मीही मान हलवली होती, आणि मी आणलेल्या पदार्थाला मुळात फोडणीच नसते हे मला सुचलंही नव्हतं. दोन दिवस बरणी जपत आलो होतो ती हे ताट त्या घरात मांडायला. रागावलो होतो ते कुणावर, या विचारानं मला लाज वाटली.

“असू द्या वहिनी,” म्हणालो. “फोडणीचंच वाढू.”

अंगणात तीन दगड मांडून बाभळीचे निखारे केले. मटणाला मीठ, लिंबू, लसूण, ओव्याचा पाला आणि करडईचं तेल चोळून तासभर ठेवलं होतं. छत्रीच्या काड्यांवर तुकडे ओवून निखाऱ्यावर धरले. निखारा लालभडक नको, वर राख धरलेला हवा, आणि काडी सारखी फिरवत राहायची. चरबी टपकायला लागली तशी शेजारपाजारची माणसं भिंतीवरून डोकावली. परातीतल्या कोशिंबिरीवर केर टाकले, पनीर कुस्करलं आणि वर गरम मटण ठेवलं. कूट आणि मोहरी वगळली तर दिसायला अगदी तेच होतं.

मावशी पाटावर येऊन बसली. वहिनीनं तिला ताट वाढलं. दादा खांबाला टेकून उभा होता, बसायचं विसरून. मावशीनं ताटाकडे पाहिलं, बोटानं एक मोहरी बाजूला केली आणि मला विचारलं, “तिथल्या म्हातारीनं मोहरी घातल्ती का रे?”

हो म्हणायला काय जात होतं? वहिनी माझ्याकडे बघत होती, हो म्हणा, हो म्हणा. पण ज्या माणसानं या बाईपासून वर्षभर तोंड चुकवलं त्यानं आता तिच्या समोर बसून खोटं बोलायचं, हे माझ्यानं झालं नाही.

“न्हाई मावशी. तिथं फोडणी नसते. नुसतं मीठ, लिंबू, तेल.”

मावशी ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. अंगणात निखाऱ्यावर चरबी चरचरत होती तेवढाच आवाज.

“मंग माझ्या लेकानं खाल्लं तसंच कर,” ती म्हणाली. “बिनफोडणीचं.”

“आई...” वहिनीनं तोंडाला पदर लावला.

“म्हणलं ना, बिनफोडणीचं कर. विळी आण इकडं.”

शेवटची दोन वाळकं तिनं स्वतः चिरली. टमाटे तीनच उरले होते, तेही. जाड फोडी करा म्हणालो तर म्हणाली, “मला शिकवू नको.” मीठ मी घातलं, लिंबू तिनं पिळलं, तेल वरून धरलं. नव्या ताटात पुन्हा सगळं मांडलं, वर मटण. कूट नाही, मोहरी नाही. पांढरं, हिरवं, लाल आणि त्यावर तपकिरी.

ती ताट पुढे ओढून म्हणाली, “आता सांग. ह्यातलं काय काढून ठेवायचा तो? समदं खातो असं लिहिलंय त्यानं कागदात. लबाड हाय. कारल्याच्या फोडी दाताखाली आल्या की भावाच्या ताटात टाकायचा.”

मला हसू आलं आणि रडूही. “हे,” म्हणून केरांकडे बोट केलं. “कडू म्हणून माझ्या ताटात टाकायचा.”

मावशीनं आपल्या ताटातले केर एकेक करून वेचले आणि माझ्या ताटात टाकले. सगळे. मग मटणाचा एक तुकडा उचलला, पनिराला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घेतला. आम्ही तिघंही तिच्या जबड्याकडे बघत होतो, एखाद्या अंगावरच्या पोरानं पहिला घास खावा तसं.

“खारट केलंस पनीर,” ती म्हणाली. “पण चांगलं हाय. मेंढराचंच लागतं ह्याला.”

ताट तिनं पुसून खाल्लं. हात धुतला, पदरानं पुसला आणि खांबाशी उभ्या असलेल्या दादाला म्हणाली, “माणिक, उद्या सकाळी न्हाव्याला सांगावा धाड. तुझं डोकं करायचं राहिलंय.”

मग ती रडली. मोठ्यानं, शेजारी धावून येतील असं. ते आले. येणंजाणं सोडलेल्या दोन घरांतल्या बायकाही आल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सखाराम गेला त्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि तो त्या दुपारी गेला असं मला वाटलं.

मुंडण झालं, विधी सुरू झाले, तिसऱ्या दिवशी मी निघालो. मावशीनं माझी बरणी धुऊन, पुसून, तोंडाला फडकं बांधून हातात दिली. जड लागली. “रिकामं भांडं परत देऊ न्हाई,” ती म्हणाली. “मोहरी हाय. दहा दिवस आम्हाला लागायची न्हाई.”

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही, गाडी दोन तास उशिरा आली आणि जालन्याला लॉरीच मिळाली नाही, बैलगाडीनं रखडत आलो. तिकडे जाणार असाल तर कार्तिकात जा, परतूरला गाडी आधीच सांगून ठेवा, आणि वाटूरच्या बाजारात मेंढराचं मटण सकाळी लवकर घ्या. टमाटे जालन्याहूनच न्यावे लागतात. केर विसरू नका. कडू लागतात म्हणून सोडू नका, त्यांच्याशिवाय ती कोशिंबीर होत नाही.

शेवंतानं पहिल्यांदा बरणी उजेडात धरून तडा गेलाय का ते पाहिलं. मग मला काय झालं ते सगळं विचारून घेतलं. ऐकून झाल्यावर तिनं मोहरीची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. त्या रात्री ताटात वरण आलं ते साधं, नुसतं हळद-मिठाचं. दुसऱ्या दिवशी भाजी आली तीही तशीच.

वाटूरचे दहा दिवस पुरे झाले त्या सकाळी मी अंगणात दावं वळत बसलो होतो. आत बरणीचं फडकं सुटल्याचा आवाज आला, कढईत तेल तापलं, आणि मोहरी तडतडली.